वाळवंट ओसाड नसते

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



‘अतिशुष्क प्रदेशातील जीवसृष्टी’ हा आजचा विषय एखाद्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने मांडावा, असे कोणालाही वाटेल. मी कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. परंतु पत्रकाराचे सारे आयुष्य शब्दांच्या संगतीत जाते आणि माझ्या मते या विषयाची सुरुवात एका शब्दापासूनच केली पाहिजे. तो शब्द आहे ‘ओसाड’.

ओसाड, वैराण, उजाड, पडीक, रुक्ष. कोरड्या भूमीसाठी आपण जे शब्द वापरतो, त्यांत कणव तरी असते किंवा तिरस्कार तरी. माणसाला रुक्ष म्हटले की तो नकोसा होतो आणि जमिनीला पडीक म्हटले की ती कोणाचीच उरत नाही. सरकारी परिभाषाही याला अपवाद नाही. केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध करीत आले आहेत. त्याची एक आवृत्ती २०१९ मध्ये निघाली. वाळूचे प्रदेश, झुडपी माळ, खडकाळ पठारे या सर्वांची गणना त्यात ‘वेस्टलँड’ म्हणून होते. वेस्टलँड म्हणजे वाया गेलेली जमीन. एकदा ती वाया गेलेली ठरली की तिला ‘उपयोगात आणणे’ हे पुण्यकर्म ठरते. मग तेथे झाडे लावायची, कालवे न्यायचे, पवनचक्क्या उभारायच्या, सौरफलक अंथरायचे. या सगळ्या उत्साहात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. येथे आधीपासून कोण राहत आहे?

आज त्या आधीपासूनच्या रहिवाशांची ओळख करून देण्याचा माझा प्रयत्न आहे.

थरचा हिशेब

जगात थरपेक्षा कोरडी वाळवंटे पुष्कळ आहेत. चिलीतील अटाकामाच्या काही भागांत वर्षानुवर्षे पावसाची नोंद होत नाही. परंतु आपण आपल्या देशातील थरचाच विचार करू. भारतातील त्याचा विस्तार सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर आहे. अरवलीच्या बाजूला वर्षाकाठी चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला सरकत जैसलमेरच्या पलीकडे गेलो की तो शे-दीडशे मिलिमीटरवर येतो. पुण्याची सरासरी सातशेच्या आसपास आणि मुंबईची दोन हजारांच्या वर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. तोही पाऊस वर्षातील मोजक्या दिवसांत पडतो आणि एखाद्या वर्षी पडतच नाही. उष्णतेचे म्हणाल, तर १९ मे २०१६ रोजी फलोदी येथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. आकाशातून जेवढे पाणी येते, त्याच्या कितीतरी पट पाणी उडवून नेण्याची ताकद तेथील हवेत असते.

हा हिशेब पाहिला, तर तेथे काहीच जगू नये. प्रत्यक्षात थर हे जगातील सर्वाधिक दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक मानले जाते. तेथे गावे आहेत, बाजरीची शेते आहेत, शेळ्या-मेंढ्यांचे कळप आहेत, चिंकारा आणि माळढोक आहेत. जोधपूरची केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्था, म्हणजे ‘काजरी’, १९५९ पासून या जीवनाचा अभ्यास करीत आहे. मग हे जीवन चालते कसे? शास्त्रज्ञ सांगतात की कोरडेपणाला तोंड देण्याचे स्थूलमानाने तीन मार्ग आहेत. काही जीव वाईट काळ टाळतात, काही काटकसरीने राहतात आणि काही चक्क वाळून जातात, पण मरत नाहीत.

वेळेची वाट पाहणारे

पहिला मार्ग वाट पाहण्याचा. वाळवंटातील कित्येक वनस्पती वर्षाचा बहुतेक काळ आणि कधी कधी अनेक वर्षे केवळ बीजरूपाने वाळूत पडून असतात. आपल्या मनात शंका येईल, की एखादी चुकार सर आली आणि बी रुजले, पुढे पाऊस झालाच नाही, तर? याची तरतूद बियाण्यातच केलेली असते. अनेक वाळवंटी बियांच्या आवरणात अंकुरण रोखणारी द्रव्ये असतात. पुरेसा पाऊस होऊन ती धुऊन गेली, तरच अंकुर फुटतो. चार थेंबांच्या आमिषाला ते बी फसत नाही. शिवाय एकाच झाडाची सगळी बीजे एकाच वर्षी रुजत नाहीत. काही पुढच्या वर्षांसाठी शिल्लक राहतात. पाऊस झाला, की काही आठवड्यांत उगवणे, फुलणे, फळणे उरकून ही पिढी पुन्हा वाळूत निजते.

प्राण्यांमध्ये हेच काम बिळे करतात. रस्त्याच्या कडेला बसून तेल विकणाऱ्यांमुळे ‘सांडा’ हे नाव आपल्या परिचयाचे आहे. काटेरी शेपटीचा हा सरडा शाकाहारी आहे. पाने, फुले, शेंगा यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर तो भागवतो, दुपारच्या काहिलीत बिळात जातो आणि हिवाळ्यात बीळ बंद करून निद्रिस्त होतो. त्याच्या तेलाला औषधी गुण असल्याचा समज निराधार आहे. कायद्याने त्याला संरक्षण आहे, तरीही या समजापायी त्याची शिकार होत आली. ज्याने उन्हाळा, थंडी आणि दुष्काळ जिंकला, त्याला माणसाच्या अज्ञानापुढे हरावे लागते.

काटकसरीचे शास्त्र

दुसरा मार्ग काटकसरीचा. येथे मला निसर्गाची प्रज्ञा विशेष थक्क करते, कारण येथे पाणी मिळवण्यापेक्षा मिळालेले पाणी न गमावण्याला अधिक महत्त्व आहे.

वनस्पतीचे पाणी मुख्यतः पानांतून उडते. तेव्हा काही झुडपांनी पानेच सोडून दिली. राजस्थानातील केर हे झुडूप असेच आहे. आपल्याकडच्या कोरड्या भागात त्याला नेपती म्हणतात. त्याला पाने जेमतेम काही दिवस येतात. एरवी अन्न तयार करण्याचे काम हिरव्या फांद्या करतात. वाळूच्या टेकड्यांवर वाढणारा फोगही याच पंथातला. थोर आणि निवडुंग यांनी आणखी पुढचा मार्ग काढला. इतर झाडे दिवसा श्वासरंध्रे उघडतात, या कुळातील अनेक वनस्पती ती रात्री उघडतात. थंड हवेत कर्बवायू आत घेऊन तो आम्लाच्या रूपाने साठवायचा आणि दिवसा दारे बंद ठेवून सूर्यप्रकाशात अन्न शिजवायचे, अशी ही व्यवस्था आहे. अमेरिकेतील कॅक्टस आणि आपला निवडुंग यांचे वनस्पतिशास्त्रीय नाते दूरचे आहे. तरी परिस्थितीने दोघांनाही जवळजवळ एकच रूप दिले.

उंटाविषयी आपल्या मनात लहानपणापासून एक समजूत पक्की बसलेली असते, की त्याच्या मदारीत पाणी असते. मदारीत पाणी नसून चरबी असते. ही चरबी सर्व अंगावर न पसरता एका जागी साठल्यामुळे शरीरातील उष्णता बाहेर पडायला अडथळा होत नाही. १९५० च्या दशकात क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने अल्जीरियातील सहारात राहून उंटाच्या शरीराचा अभ्यास केला. त्याला आढळले, की तहानलेल्या उंटाचे तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरते आणि संध्याकाळी ४० अंशांच्या वर जाते. माणूस थोडा तापला की घाम गाळू लागतो. उंट दिवसभर उष्णता साठवत राहतो आणि रात्रीच्या गारव्यात ती सोडून देतो. एवढ्या एका युक्तीने त्याचे दिवसाला सुमारे पाच लिटर पाणी वाचते. विशेष म्हणजे, पाणी मुबलक मिळत असेल तेव्हा तो असे करीत नाही. तेव्हा त्याच्या तापमानातील चढउतार थोडाच असतो. काटकसर हा त्याचा नाइलाज नव्हे, वेळ ओळखून केलेली निवड आहे.

शरीराच्या वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी कमी झाले, तर माणसाच्या जिवाला धोका निर्माण होतो, कारण रक्त घट्ट होऊन हृदयाला ते खेळवता येत नाही. उंट पंचवीस टक्क्यांपर्यंत घट सोसतो. पाणी कमी होते ते त्याच्या पेशींतून आणि ऊतींतून. रक्ताचे पातळपण तो शेवटपर्यंत सांभाळतो. मग पाणी मिळाले की दहा मिनिटांत शंभर लिटर पिऊ शकतो. इतके पाणी एकदम रक्तात आले, तर दुसऱ्या प्राण्याच्या रक्तपेशी फुटतील. उंटाच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात आणि दुपटीहून अधिक फुगूनही टिकतात.

उंट मोठा असल्याने सर्वांना दिसतो. वाळूत बीळ करून राहणारा वाळवंटी उंदीर, ज्याला जरबिल म्हणतात, तो या कलेत त्याच्याही पुढे आहे. पाणी न पिताही तो दीर्घकाळ राहू शकतो. बियांतील पिष्टाचे शरीरात ज्वलन झाले, की त्यातून थोडे पाणी तयार होते. शंभर ग्रॅम पिष्टातून साधारण पंचावन्न ग्रॅम. त्यावर आणि अन्नातील ओलाव्यावर त्याचा प्रपंच चालतो. हे शक्य होते, कारण मूत्रपिंडे मूत्र अत्यंत दाट करतात आणि बिळातील दमट हवा श्वासातून होणारी हानी रोखते. त्याच्या घरात वाया जाणारे असे काही नाही.

वाळून जगणारे

तिसरा मार्ग ऐकताना तो दंतकथेसारखा वाटतो. काही जीव कोरडेपणाशी झगडत नाहीत. ते स्वतःच कोरडे होतात. अंतोनी व्हॅन लेव्हेनहूक या डच संशोधकाने १७०२ मध्ये छपराच्या पन्हाळीतील वाळलेली धूळ पाण्यात कालवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. निर्जीव वाटणाऱ्या त्या धुळीतील सूक्ष्म जीव पाणी मिळताच हालचाल करू लागले. त्यानंतर तीन शतकांत असे पुष्कळ जीव सापडले. काही शेवाळी, काही दगडफुले, काही गवते, नेचे, आणि सूक्ष्म जलअस्वले. पेशीतील नव्वद-पंच्याण्णव टक्के पाणी गेले तरी त्यांची रचना मोडत नाही. यांतील अनेक जीव पाण्याच्या जागी विशिष्ट शर्करा साठवतात. ती पेशीतील नाजूक भागांना आधार देते. चयापचय जवळपास थांबते. पाणी आले, की सारे पुन्हा सुरू.

असे काही पाहण्यासाठी राजस्थानात जाण्याचीही गरज नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातील खडकाळ पठारांवर अशा वाळून पुन्हा हिरव्या होणाऱ्या ६२ वनस्पतींची नोंद केली. हे संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी येथून अशा अवघ्या नऊ वनस्पती ज्ञात होत्या. या ६२ पैकी १६ केवळ भारतात आढळणाऱ्या आहेत. घाटातील कातळ पावसाळ्यात पाण्याने निथळतात, पण त्यांवर माती बोटभर. पाऊस थांबला की तेथे लहानसे वाळवंटच तयार होते. आपण ज्या पठारांवर मोटारी चढवतो आणि सहलीचा कचरा टाकतो, त्या ‘नुसत्या दगडावर’ हे विज्ञान सांभाळले गेले आहे. उद्या दुष्काळात तग धरणारी पिके घडवताना या रोपट्यांकडूनच धडे घ्यावे लागतील.

एकट्याने कोणी जगत नाही

बंधूंनो, आतापर्यंत मी एकेका जिवाच्या गुणांविषयी बोललो. परंतु वाळवंटात एकट्याने कोणी जगत नाही.

पखुर्डी हा पक्षी आपल्या सोलापूरच्या माळावरही दिसतो. या कुळातील पक्षी कोरडे बी खातात, म्हणून त्यांच्या पिलांना पाणी आवश्यक असते आणि पाणवठा मैलोगणती दूर असतो. तेव्हा नर पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवतो आणि तसाच उडत घरट्यापाशी येतो. पिले त्या पिसांतून पाणी चोखून घेतात. मीड-वॉल्डो या इंग्रज पक्षिनिरीक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे सांगितले, तेव्हा अनेकांनी विश्वास ठेवला नाही. १९६७ मध्ये आफ्रिकेतील कलहारीत झालेल्या अभ्यासाने ते सिद्ध झाले. आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पिसांची सूक्ष्म रचना तपासून त्यात पाणी धरून ठेवणारी गुंडाळलेल्या तंतूंची व्यवस्था दाखवली. बापाच्या मायेचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

वनस्पतींत हा मान खेजडीचा. खेजडी म्हणजे आपली शमी. मराठीत तिला सौंदडही म्हणतात. पांडवांनी अज्ञातवासात जाताना विराटनगरीबाहेर ज्या वृक्षावर शस्त्रे लपवली, तो शमीचा. विराटाचा मत्स्य देश म्हणजे आजच्या राजस्थानातील बैराटचा परिसर, असे मानले जाते. तेव्हा ही कथा शमीच्या स्वतःच्या भूमीतच घडते. दसऱ्याला आपण तिचे पूजन करतो. पण ती काय करते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असते?

तिची मुळे तीस मीटरांच्या आसपास खोल गेल्याच्या नोंदी आहेत. भर उन्हाळ्यात, इतर झाडे निष्पर्ण असताना, तिला नवी पालवी आणि शेंगा येतात. म्हणजे ज्या काळात कोणाकडे काही नसते, नेमक्या त्या काळात तिच्याकडे देण्यासारखे असते. कोवळ्या शेंगा, म्हणजे सांगरी, माणसांच्या ताटात जातात. केर-सांगरीची भाजी तर आता देशभर पोहोचली आहे. पाला जनावरांना होतो. मुळांवरील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात, म्हणून मारवाडचा शेतकरी ती शेतात मुद्दाम राखतो. तिच्याभोवती बाजरी जोमाने वाढते. १८६८-६९ च्या राजपुतान्यातील दुष्काळात लोकांनी तिची साल दळून खाल्ली आणि जीव वाचवले.

माणूसही या व्यवस्थेत सामील झाला. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात तेथील समाजाची जलदृष्टी मांडली आहे. तो समाज पाण्याचे तीन प्रकार मानतो. पावसाचे थेट मिळणारे ते पालर, भूगर्भातील ते पाताल आणि या दोहोंच्या मध्ये वाळूत ओलाव्याच्या रूपाने अडकलेले ते रेजाणी. वाळूखाली जेथे खडूसारख्या दगडाचा थर असतो, तेथे पावसाचा ओलावा खालच्या खाऱ्या पाण्यापर्यंत न जाता थांबतो. तेथे अरुंद तोंडाची कुंई खणतात आणि थेंब-थेंब झिरपणारे गोड पाणी दिवसाकाठी दोन-तीन घागरी मिळवतात. वाळूच्या कणात दडलेला ओलावा ओळखणारा हा समाज कोणत्या अर्थाने मागास म्हणायचा?

शमीसाठी दिलेले बलिदान

याच भूमीत जांभोजी महाराजांनी १४८५ मध्ये बिश्नोई पंथाची स्थापना केली. त्यांचे एकोणतीस नियम प्रसिद्ध आहेत. हिरवे झाड तोडू नये आणि प्राणिमात्रांवर दया करावी, हे त्यांतीलच. १७३० मध्ये जोधपूरचे महाराजा अभयसिंह यांच्या माणसांनी चुनाभट्टीच्या जळणासाठी खेजडली गावातील खेजड्या तोडायला सुरुवात केली. अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. शीर देऊन झाड वाचत असेल, तर तो सौदा स्वस्तच, अशी त्यांची भूमिका परंपरेने जपली आहे. त्या आणि त्यांच्या तीन कन्या यांच्यासह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी तेथे प्राण दिले. नंतर महाराजांनी वृक्षतोड थांबवली. भारत सरकार २०१३ पासून ११ सप्टेंबर हा दिवस वन-हुतात्म्यांच्या स्मरणार्थ पाळते.

या घटनेकडे केवळ भावनेच्या अंगाने पाहू नका. वाळवंटात एक खेजडी म्हणजे सावली, चारा, खत, भाजी आणि दुष्काळातील अखेरचे अन्न. ती तोडणे म्हणजे गावाच्या भविष्यावरच घाव घालणे. बिश्नोईंची श्रद्धा आणि आजचे पर्यावरणशास्त्र येथे एकाच निष्कर्षाशी पोहोचतात.

उपकारातून झालेला अपकार

आता थोडे कटू बोलतो. वाळवंटाचे नुकसान त्याचे वाईट चिंतणाऱ्यांपेक्षा त्याचे भले करू पाहणाऱ्यांनी अधिक केले आहे.

मूळच्या मध्य व दक्षिण अमेरिकेतील एका बाभळीला १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने राजवृक्षाचा दर्जा दिला. उद्देश चांगलाच होता, वाळवंट हिरवे करण्याचा. ही बाभूळ मातीतील पाणी ओढते, खाली दुसरे काही फारसे उगवू देत नाही आणि वेगाने पसरते. कच्छमधील बन्नी हे आशियातील नामांकित गवताळ कुरण. १९६० च्या दशकात तेथे ती लावली गेली आणि पाहता पाहता तिने कुरणाचा मोठा भाग व्यापला. गुजरातीत तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात, आपण ‘वेडी बाभूळ’ म्हणतो. दोन प्रांतांतील शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता तिला वेडीच ठरवावे, यात सगळे आले.

दुसरे उदाहरण आजचे. देशाला वीज हवी आणि ती स्वच्छ हवी, याविषयी दुमत नाही. फलोदीजवळील भडला येथे २२४५ मेगावॉटचा सौरप्रकल्प उभा राहिला, ही अभिमानाचीच बाब आहे. परंतु प्रत्येक प्रकल्पाची जागा ‘रिकामी’ म्हणून निवडली गेली, तर काय होते? बिकानेर परिसरात सौरप्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्या जात असल्याच्या विरोधात गेल्या काही वर्षांत तेथील समाजाला आंदोलने करावी लागली. गावोगावी देवाच्या नावाने राखलेली ओरणे, म्हणजे आपल्या देवरायांची राजस्थानी भावंडे, महसुली दप्तरात पडीक म्हणून नोंदली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला अशा ओरणांची पाहणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश दिले. श्रद्धेने जे शतकानुशतके राखले, त्याला कागदावर नाव मिळण्यासाठी एवढी वाट पाहावी लागली.

सर्वांत मोठी किंमत माळढोकाने मोजली. १९६९ च्या अंदाजानुसार देशात साडेबाराशेच्या आसपास माळढोक होते. आज दीडशेच्या आतबाहेर उरले आहेत आणि बहुतेक जैसलमेर परिसरात. वजनदार शरीर, समोरचे नीट न दिसणारी नजर; आकाशातील विजेच्या तारा त्याला वेळेवर दिसत नाहीत. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते, तेव्हा झालेली हानी लवकर भरूनही निघत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पट्ट्यातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये व्यवहार्यतेचा विचार करून त्यात बदल केला आणि तज्ज्ञ समिती नेमली. जैसलमेर जिल्ह्यातील सम आणि रामदेवरा येथील प्रजनन केंद्रांत आता पन्नासहून अधिक पक्षी आहेत, ही आशेची गोष्ट. पण पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला सोडायला माळ शिल्लक हवा.

उंटही याच वाटेवर आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते. २०१९ मध्ये अडीच लाख राहिले. चराईची कुरणे आटली आणि पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणाऱ्या राईका समाजाची पुढची पिढी दुसरीकडे वळली. दहा मिनिटांत शंभर लिटर पाणी पिणाऱ्या प्राण्याला पाण्याने नव्हे, पायाखालची जमीन गेल्याने हरावे लागत आहे.

आपल्या दाराशी

हे सारे राजस्थानचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध फार जवळचा आहे. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, करमाळा, कर्जत या पट्ट्यात सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला आपला माळ आहे. हिवर, नेपती, सौंदड, बोर यांची झुडपे, गुडघाभर गवत, चिंकारा, काळवीट, लांडगा, धाविक आणि चंडोल यांचे हे घर आहे. धनगर बांधवांची मेंढरे याच माळावर शतकानुशतके चरली. सोलापूरजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झाले. आज तेथे माळढोकाचे दर्शन दुर्मीळ झाले आहे.

आणि येथेच आपल्यापैकी अनेकांचा प्रत्यक्ष संबंध येतो. पावसाळा आला, की आपल्या संस्था, शाळा, मंडळे उत्साहाने वृक्षारोपण करतात. तो उत्साह अमोल आहे. परंतु जागा कोणती निवडतो? बहुतेक वेळा उघडा माळ. तेथे गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी यांचे खड्डे घेतले जातात. गवत नाहीसे झाले की मेंढरांचा चारा जातो, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते, गवताच्या मुळांनी धरलेली माती मोकळी होते. झाड लावणे हे पुण्य खरे, पण गवताळ माळावर ते दान चुकीच्या ओंजळीत पडते.

म्हणून या सभेपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, यापुढे कोठेही रोपे लावण्यापूर्वी त्या जागेचे जुने रूप गावातील वृद्धांना आणि मेंढपाळांना विचारावे. तेथे पूर्वापार गवतच असेल, तर गवतच राखावे. कुरण राखणे हेही वनसंवर्धनच आहे. दुसरी, बांधावर, गावठाणात, शाळेच्या आवारात लावायचेच असेल, तर सौंदड, हिवर, बोर यांसारखी त्या मातीतली झाडे लावावीत. दसऱ्याला फांद्या ओरबाडण्यापेक्षा दर दसऱ्याला गावात शमीचे एक रोप लावून जगवावे. तिसरी, आपल्या मुलांना एकदा तरी माळावर न्यावे. तेथे पाहण्यासारखे काय आहे, असे ती विचारतील. त्यांना खाली बसवा आणि अर्धा तास शांत राहायला सांगा. प्रश्नाचे उत्तर माळच देईल.

ज्याच्याकडे भरपूर आहे, त्याने उधळले तरी त्याचे चालते. वर्षाला दीडशे मिलिमीटर पावसावर संसार करणाऱ्या या जिवांना थेंबाचा हिशेब ठेवावा लागतो, आणि तरीही शमी उन्हाळ्यात शेंगा देते, पखुर्डीचा नर पिलांसाठी पाणी वाहतो. आपल्या राज्यातील कित्येक तालुके दर तीन-चार वर्षांनी टँकरच्या रांगेत उभे असतात. अशा वेळी या जिवांना आपण शिकवण्यासारखे फारसे काही नाही. शिकण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. त्या शिक्षणाचा आरंभ म्हणून एवढे तरी ठरवू या, की पुढच्या वेळी गावाबाहेरच्या उघड्या जमिनीकडे बोट दाखवताना ‘ओसाड’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबू.